चापाची नथ

काचेपलीकडे गालिचा होता आणि काचेवर माझ्या नातीच्या दोन्ही तळव्यांचे ठसे.

"आजी, हे सगळे खरे मोती?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"खरे. आणि आपल्या बडोद्याचे."

म्हणून तर गेले, पण लगेच जीभ अडखळली. आम्ही उभ्या होतो दोह्यात, कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात. मुलगा इथे नोकरीला, म्हणून जानेवारीतले तीन आठवडे मी त्याच्याकडे होते. संग्रहालयाबाहेर रस्ता ओलांडला की समुद्र. हे मोती याच आखाताच्या तळातून निघालेले. मग ते बडोद्याचे कसे? पण माझा जन्म दांडिया बाजारातला, आणि 'गायकवाडांचा मोत्यांचा गालिचा' हे शब्द मी पाळण्यातल्या गाण्यांबरोबर ऐकलेले. पासष्टी ओलांडल्यावर तो पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते, तोही परक्या मुलखात. आपले म्हणायचा मोह आवरणं कठीण होतं.

गालिचा म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं तसा तो नाही. लांबी पावणेनऊ फुटांच्या आत-बाहेर, रुंदी पावणेसहा. खाली रेशीम आणि हरणाचं मऊ कातडं, आणि त्यावर मोतीच मोती. लांबून साय धरल्यासारखा दिसतो. जवळ गेलं की कळतं, सायीचा प्रत्येक कण सुटा आहे, भोक पाडलेला, दोऱ्यातून गेलेला. मधून निळ्या-तांबड्या काचमण्यांच्या वेली फिरतात आणि मध्यावर हिऱ्यांची तीन मोठी फुलं. माणिक, पाचू, नीलम आहेत, पण त्यांच्याकडे नजर ठरत नाही. मोत्यांची संख्या पंधरा ते वीस लाखांच्या दरम्यान धरतात. मी नातीला सांगितलं, रोज हजार मोजलेस तरी पाच वर्षं पुरतील. तिनं लगेच कोपऱ्यातून मोजायला सुरुवात केली.

खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास हा करवून घेतला. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी, असं परंपरेनं सांगतात. एक मराठा राजा, गुजरातेतलं राज्य, अरबी समुद्रापलीकडून आणलेले मोती, आणि भेट मदिनेला. आज कुणी असं करायचं म्हटलं तर काय काय होईल, हा विचार मी तिथेच गिळला. १८७० मध्ये खंडेराव गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. त्यांच्या पत्नी जमनाबाईंनी पुढे १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला, तेच आमचे सयाजीराव. त्यांच्या कारकिर्दीत, दिल्ली दरबाराच्या वेळच्या प्रदर्शनात गालिचा मांडला गेला होता.

माझ्या आजीनं तो कधी पाहिला नव्हता. तिनं पाहिली होती १९३६ ची हीरकमहोत्सवाची मिरवणूक. हत्ती आठवायचे, महाराज आठवत नसत. "सरकार लांब होते गं," म्हणायची. बडोद्याची जुनी माणसं महाराजांना 'सरकार'च म्हणत.

सयाजीरावांच्या पश्चात नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. १९४३ मध्ये त्यांनी पिठापुरमच्या राजकन्या सीतादेवींशी दुसरा विवाह केला. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, १९५१ मध्ये त्यांची राजेपदाची मान्यताही काढून घेतली गेली. सीतादेवी मोनॅकोत राहायला गेल्या आणि जवाहिरखान्यातलं बरंच काही त्यांच्याबरोबर गेलं, गालिचासुद्धा. आमच्या वाड्यातल्या बायका हा विषय निघाला की आवाज खाली आणत, घरातलीच कुणी सून दागिने घेऊन गेल्यासारखा. आजी मात्र म्हणायची, मोती अंगावर राहिला तर जगतो, कुलपात मरतो. ती निदान घालत तरी होती.

पुढे गालिचा लिलावात निघाला. मार्च २००९, सदबीज ही लिलाव करणारी कंपनी, आणि ठिकाण हेच, दोहा. हातोडा पडला आणि कमिशन धरून किंमत झाली जवळपास ५५ लाख डॉलर. तेव्हाच्या दरानं २८ कोटी रुपयांच्या घरात.

याच्या दोन वर्षं आधी, एप्रिल २००७ मध्ये, न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात बडोद्याचीच आणखी एक चीज विकली गेली होती. खंडेरावांच्या काळापासूनचा सात पदरी हार सगळ्यांना ठाऊक होता. त्यातले मोठमोठे दाणे निवडून दोन पदर केलेले, एकूण ६८ मोती. त्यातला सर्वांत मोठा १६ मिलिमीटरचा, टपोऱ्या बोराएवढा. बरोबर कर्णफुलं, अंगठी आणि पिन. याची किंमत आली ७० लाख डॉलरच्या वर.

हे दोन आकडे मी कितीदा तरी शेजारी मांडून पाहिले आहेत. एकीकडे वीस लाखांपर्यंत मोती, दुसरीकडे अडुसष्ट. आणि अडुसष्टांची किंमत जास्त.

यात चमत्कार नाही, मोत्याच्या बाजाराचा जुना हिशेब आहे. सोन्याचं वजन दुप्पट झालं की किंमत दुप्पट होते. मोत्याचं वजन दुप्पट झालं की किंमत चौपट धरायची, तिप्पट झालं की नऊपट. मुंबईच्या मोतीबाजारात यालाच मोत्याची 'चव' काढणं म्हणत, आणि मोठमोठे व्यापारी ती तोंडी काढत. कारण मोठा, गोल, पाणीदार दाणा मिळणं हेच मुळी नशीब. त्याच्या जोडीला तसाच दुसरा मिळणं त्याहून मोठं. सारख्या रंगाचा, सारख्या पाण्याचा एक सर जमवायचा तर एकेका घराण्याच्या दोन पिढ्या जात. सर तुटला, दाणे वेगवेगळ्या हातांत गेले, की तो जमवण्याचा काळही त्याबरोबर गेला. बडोद्याचा सात पदरी हार असाच गेला. अडुसष्ट मोती सलामत आहेत, हार नाही. पानिपतानंतर नानासाहेबांना जी बातमी पोचली ती 'दोन मोती गळाली' अशीच होती. भाऊसाहेब आणि विश्वासराव ही नावं कुणी लिहिली नाहीत. मोहरांचा, खुर्द्याचा हिशेब त्याच पत्रात पुढे होता. पण मोत्यांचा उल्लेख आधी.

मोत्याच्या लिलावाच्या बातम्या मी जमवते. कात्रणं एका जुन्या वहीत चिकटवलेली आहेत, हल्लीच्या बातम्या मुलगा छापून देतो. २०११ ला हॉलीवूडची नटी एलिझाबेथ टेलर हिचा 'ला पेरेग्रिना' हा मोती एक कोटी १८ लाख डॉलरला गेला. तो पनामाच्या समुद्रातला, स्पेनच्या राण्यांच्या गळ्यात फिरलेला. तिचा नवरा रिचर्ड बर्टन यानं १९६९ मध्ये तो ३७ हजार डॉलरला घेतला होता. २०१८ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं एक लोलक विक्रीला आलं. एक अश्रूच्या आकाराचा मोती, वर हिऱ्यांची फीत. अंदाज होता दहा ते वीस लाख डॉलर. बोली थांबली तेव्हा तीन कोटी ६० लाख झाले होते. पॅरिस सोडून पळण्याच्या तयारीत राणीनं १७९१ मध्ये आपले दागिने पेटीत भरून ब्रुसेल्सला धाडले. ती स्वतः पोचली नाही. दागिने मुलीला मिळाले आणि मग पार्माच्या घराण्यात दोनशे वर्षं लोकांच्या नजरेआड राहिले.

या तीन कोटींमध्ये मोत्याचे किती आणि त्या गळ्याचे किती? लिलावाच्या पुस्तिकेत दागिन्याची वंशावळ छापतात: अमक्या राणीचा, मग तमक्या राजकन्येचा, मग तिच्या भाचीचा. ती वंशावळ नेहमी पहिल्या मालकापासून सुरू होते. त्याच्या आधी तो मोती कुणीतरी श्वास कोंडून वर आणलेला असतो, त्या माणसापर्यंत ती कधीच जात नाही. मला हे खटकतं. दरवेळी नव्यानं खटकतं.

मी ही वही ठेवायला लागले त्याचं कारण घरातलं आहे. आजीची नथ माझ्याकडे आली. मधे माणिक, भोवती सोन्याच्या तारेत ओवलेले बसऱ्याचे मोती. दोन वर्षांपूर्वी आतेभावाचा अमेरिकेतून फोन आला. त्यानं कुठेतरी त्या जिनिव्हाच्या लिलावाबद्दल वाचलं होतं. "ताई, आजीच्या नथीत अस्सल बसरा आहे ना? तपासून तरी घे. आपल्याला माहीत नसतं आपल्याकडे काय पडलंय." त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता. त्याच्या मुलीच्या शिक्षणाचं ओझं मला ठाऊक होतं, आणि वाटणीत नथ माझ्याकडे आल्याचं त्यानं कधी काढलंही नव्हतं. म्हणून मी खरंच तपासायला दिली.

आजीची तपासणी दाताची होती. मोती दातावर हळूच घासायचा; खरखरला तर खरा, गुळगुळीत लागला तर काचेचा. ही परीक्षा नकली मोत्यापुरती ठीक आहे. पण जपानात कोकिची मिकिमोतोनं १८९३ मध्ये शिंपल्यात मोती धरवून दाखवला, पुढे त्याच्या देशबांधवांनी पूर्ण गोल मोती पिकवण्याची रीत बसवली, आणि तेव्हापासून दात हतबल झाले. पिकवलेला मोतीही दाताला खरखरतोच. तोही शिंपल्याच्याच अंगातून आलेला असतो. फरक आत असतो. माणसानं शिंपल्यात शिंपेचाच कोरीव मणी ठेवलेला असतो आणि त्यावर पातळ थर चढतो. नैसर्गिक मोत्यात मणी नसतो. कसल्याशा किड्यानं किंवा इजेनं शिंपल्याच्या त्वचेच्या काही पेशी आत ढकलल्या जातात आणि त्यांच्याभोवती वर्षानुवर्षं थर साचत राहतात. वाळूचा कण जातो असं आम्ही शाळेत शिकलो, ते बहुतेक वेळा खरं नसतं. क्ष-किरणांत पाहिलं की नैसर्गिक मोती कांद्यासारखा दिसतो, पापुद्र्यात पापुद्रा.

आमचे मोती कांदेच निघाले. सगळेच्या सगळे. अहवाल हातात घेऊन मी प्रयोगशाळेच्या जिन्यातच बसले. आजीला फोन करावा असं वाटलं, तिला जाऊन तीस वर्षं झाली होती तरी.

किंमत मात्र फारशी नाही. दाणे लहान, आणि चवीचा तो चौपटीचा हिशेब जसा मोठ्या मोत्याला वर नेतो तसाच लहानाला खाली दाबतो. शिवाय शंभर वर्षं तारेवर घासून भोकं रुंदावलेली. एका सराफानं सरळ सांगितलं, नथ मोडा, मोती सुटे द्या, सोनं वजनावर घेतो. मी आतेभावाला जसंच्या तसं कळवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मोडू नकोस. घालत जा." माझं नाक टोचलेलं नाही, आमच्या कॉलेजच्या दिवसांत ते मागासपणाचं वाटायचं. म्हणून मी नथीचा आकडा काढून तिला चाप बसवून घेतला. जुनी नथ अशी बदलणं बरोबर की चूक, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

संग्रहालयात गालिच्यापासून नातीला महत्प्रयासानं सोडवलं आणि आम्ही मोती काढणाऱ्यांच्या सामानाकडे वळलो. कातडी बोटखोळी, दोरीची टोपली, पायाला बांधायचं वजन, पितळी चाळण्या. आणि एक छोटासा चिमटा, कासवाच्या पाठीचा नाहीतर शिंगाचा करतात तसा. मी चष्मा लावून वाचलं. त्याला म्हणतात 'फिताम'. पाणबुड्या तो नाकाला लावायचा, पाणी आत जाऊ नये म्हणून.

माझा हात आपोआप माझ्या नाकाकडे गेला. नथ तेव्हा पर्समध्ये डबीत होती. पण चाप बसतो ती जागा मला बरोबर कळत होती, कारण ती दुखते. आम्ही नाकात मोती मिरवावा म्हणून इथे कुणीतरी नाक चिमटून घेत होतं.

त्या माणसांचं जिणं कसं होतं ते इथे नीट मांडलंय. उन्हाळा तापला की होड्या सुटायच्या त्या तीन-चार महिन्यांनी परतायच्या. पाणबुड्या पायाला दगड बांधून सरळ तळ गाठायचा, सात-आठ वाव, कधी दहा वाव खोल (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप). मिनिट-दीड मिनिटात हाताला लागतील ते शिंपले टोपलीत. मग कमरेच्या दोरीला हिसका. वर होडीत दोरी धरून उभा असलेला जोडीदार त्याला खेचून घेणार. दिवसात अशा पन्नासेक बुड्या. पोट भरलेलं असेल तर दम टिकत नाही, म्हणून सकाळी चार खजूर आणि कॉफी, खरं जेवण रात्रीच. शिंपले दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे एकत्र ढीग करून फोडायचे, म्हणजे कुठल्या शिंपल्यातला मोती कुणी आणला हे कुणालाच कळू नये. इथे मी थबकले. मोती वर आणणाऱ्याला स्वतःलाही ठाऊक नसे की हा मी आणला. लिलावाच्या पुस्तिकेला तरी तो कुठून कळणार?

होडीचा मालक किंवा तांडेल म्हणजे नोखदा. फारसीतला नाखुदा, आणि आपल्या कोळ्यांचा नाखवा तोच. एकाच समुद्राच्या दोन काठांवर एकच शब्द. मोसमाआधी पाणबुड्याला घरखर्चासाठी पैसे मिळत, ते मोसमाच्या कमाईतून फेडायचे. कमाई पुरत नसे, कर्ज पुढच्या वर्षावर जाई, आणि बाप मेला तर मुलाच्या डोक्यावर. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून घेतात ती उचल मला आठवली. बीडकडच्या माणसाला हे अरबी कर्ज समजावून सांगावं लागणार नाही.

होडीवरून मोती जायचे ते बहुधा मुंबईला. आम्ही त्यांना बसऱ्याचे म्हणतो, पण बसरा हे बंदर. मोत्यांचे तळ इकडे बहरीन आणि कतारच्या भोवती. मोठी पेठ मुंबई. तिथे मोती चाळले जात, रंगावर निवडले जात, भोकं पाडली जात, ओवले जात, आणि पुढे पॅरिसला जात. बहरीन-कतारचे व्यापारी हंगामानंतर मुंबईत येऊन महिनोन्‌महिने राहत. १९११-१२ मध्ये कार्तिए या फ्रेंच जवाहिऱ्यांच्या घराण्यातला जाक भारत आणि आखात असा प्रवास करून गेला, तोही मोत्यांच्या शोधात. आखातात रुपया चालायचा, कतारात तर अगदी १९६६ पर्यंत. म्हणजे मी शाळेत जायला लागले होते तेव्हा दोह्यातल्या दुकानात रुपये घेत होते! मुलाला हे सांगितलं तर त्यानं मोबाइल काढून पडताळून पाहिलं.

त्या काळात मोत्याची काय पत होती? १९१७ मध्ये न्यूयॉर्कला फिफ्थ अव्हेन्यूवरचा एक आलिशान वाडा त्याच्या मालकानं कार्तिएला दिला, बदल्यात बायकोसाठी मोत्यांची दोन पदरी माळ आणि वर शंभर डॉलर. माळेची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरलेली. चाळीस वर्षांनी तीच माळ लिलावात आली तेव्हा मिळाले एक लाख ५१ हजार. वाडा कार्तिएकडे आजही आहे. मधल्या काळात पिकवलेले मोती जगभर पोचले होते, १९२९ ची मंदी येऊन गेली होती, आणि आखातातल्या होड्या एकामागून एक किनाऱ्याला लागल्या होत्या. कतारात तेल लागलं १९४० च्या आसपास, दुसऱ्या महायुद्धामुळे त्याचा पैसा यायला १९४९ उजाडलं. त्यामधली वर्षं इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या लेखी उपासमारीची.

आणि आता नैसर्गिक मोती कुणी काढत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून जुन्यांना पुन्हा मोल आलं आहे. लिलावात येतो तो प्रत्येक मोती जुन्या श्वासांच्या साठ्यातला. त्यात नवी भर नाही.

मला एक गोष्ट मान्य करायला वेळ लागला. गालिचा बडोद्याला परत यावा असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. लक्ष्मीविलास राजवाड्यात, आपल्या लोकांना पाहता येईल असा. २००९ मध्ये तो विकला गेल्याची बातमी वाचून मी वहीवर हात ठेवून रडले होते. पण त्या दालनात, त्या चिमट्यापासून थोड्याच अंतरावर, तो मला चुकीच्या जागी वाटला नाही. तिथे एक वयस्क कतारी गृहस्थ नातवंडांना फिताम दाखवत होते, स्वतःचं नाक दोन बोटांत धरून. माझी नात त्यांच्या नातवंडांमध्ये जाऊन उभी राहिली आणि तिनंही नाक धरलं. त्यांच्या अरबीतला एकही शब्द मला कळला नाही. काय सांगत होते ते सगळं कळलं.

संध्याकाळी मुलाच्या घरी सुनेनं हळदीकुंकू ठेवलं होतं. पुण्या-नागपूरच्या, सांगलीच्या, बेळगावच्या वीसेक बायका येणार होत्या. तिळाच्या वड्या मी सकाळीच थापून ठेवल्या होत्या. नऊवारी नेसून आरशासमोर बसले, नथीचा चाप दाबून लावला, तेवढ्यात नात आली.

"मला दे ना. थोडा वेळ."

दिली. तिच्या एवढ्याशा नाकाला ती नथ पार ओठांखाली आली. चाप घट्ट बसला.

"आजी, श्वास नाही घेता येत."

"तोंडानं घे."

पण तिच्या डोक्यात दुसरंच होतं. तिनं माझ्या पदराचं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं, गाल फुगवले आणि पलंगाखाली गेली. मी मोजायला लागले. बाहेर दाराची बेल वाजली, सून हाक मारत होती. अठरा, एकोणीस, वीस. पलंगाखालून फरशीवर काहीतरी गोळा केल्याचा आवाज येत होता. बावीसला पदराला हिसका बसला.

मी दोन्ही हातांनी पदर धरला आणि तिला वर ओढून घेतलं.